बैलाच्या खांद्याला माप, मुलाच्या मानेला का नाही?

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एका मातेने आम्हाला थांबवले. तिचा मुलगा बेळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो तेथे खोली घेऊन राहतो आणि शनिवारी गावी येतो. ती म्हणाली, "पोराची मान धरल्या बघा. उजवा हातबी जड पडतोय म्हणतोय. तेल लावून बघितलं, बाम लावून बघितलं. वीस वर्साच्या पोराला असलं दुखणं असतंय होय?" शेजारी तिचे सासरे उभे होते. त्यांनी मध्येच उत्तर देऊन टाकले, "बसून बसून काय दुखतंय? आम्ही भाताची पोती पाठीवरनं वाहिली, आमची मान कधी धरली नाही."

दोघांचेही बोलणे मनात घेऊन आम्ही घरी आलो. त्यानंतर आपल्या धर्मग्रामातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना आम्ही सहज विचारीत गेलो. मान, खांदे, पाठ, मनगट यांपैकी काहीच दुखत नाही असे सांगणारे थोडेच भेटले. ज्यांचे दुखते, त्यांतील पुष्कळजण घरी बोलत नाहीत, कारण बोलले की आजोबांनी दिले तेच उत्तर मिळते. म्हणून या वेळी आम्ही लॅपटॉप आणि मुलांचे शरीर या विषयावर लिहीत आहोत. शेतीच्या पानावर लॅपटॉप कशाला, असे कोणी विचारील. आमचे सांगणे असे की या दुखण्याचे मर्म आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते त्याने बैलाच्या बाबतीत ओळखले, मुलाच्या बाबतीत ओळखायचे राहून गेले.

आपल्या खानापूर-बेळगावच्या शिवारात आता पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आले. तरी ज्याने बैलजोडी वागवली आहे त्याला हे सांगायला नको. जू नीट तासलेले नसेल, जोडीतल्या बैलांच्या उंचीत फरक असेल, किंवा नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी दिवसभर जुंपले असेल, तर खांदा सुजतो आणि पुढे कातडे सोलून जखम होते. अशा वेळी शहाणा शेतकरी काय करतो? तो बैलाला शिव्या देत नाही. "तुझा बाप याहून जड नांगर ओढत होता" असे त्याला ऐकवीत नाही. नुसते हळद-तेल लावून दुसऱ्या दिवशी त्याच जुवाला त्याला पुन्हा जुंपीतही नाही. तो बैलाला विसावा देतो आणि जू सुताराकडे नेऊन तासून घेतो. मराठी मुलखात बैलांच्या सणाच्या आदल्या दिवशी खांदमळणी करण्याची रीत आहे. ज्या खांद्यावर घर चालते त्या खांद्याची विचारपूस करावी, ही त्यामागची जाण आहे.

आज आपल्या कितीतरी घरांची उमेद मुलामुलींच्या लॅपटॉपवर आहे. कोणी पिग्मीची रक्कम मोडून तो घेतला, कोणी पतसंस्थेचे कर्ज काढले. त्यावरच अभ्यास, त्यावरच प्रोजेक्ट, त्यावरच नोकरीचा अर्ज. म्हणजे हेच त्यांचे जू. मग या जुवाचे माप कोणी पाहिले का?

यंत्राला आम्ही दोष देत नाही. परंतु त्याच्या घडणीत एक खोड जन्मापासून आहे, ती समजून घेतली पाहिजे. उचलून नेता येईल असा संगणक म्हणून १९८१ साली जो ऑस्बोर्न-१ बाजारात आला, त्याचे वजन सुमारे ११ किलो होते. पुढच्याच वर्षी, १९८२ साली, ग्रिड कंपास नावाचा संगणक आला. त्याची स्क्रीन कीबोर्डवर पुस्तकासारखी मिटत असे. आजचे सगळे लॅपटॉप त्याच घडणीचे आहेत. नेण्या-आणण्याची सोय झाली, पण स्क्रीन आणि कीबोर्ड एका बिजागरीने कायमचे बांधले गेले. टेबलावरच्या जुन्या संगणकाची स्क्रीन वेगळी आणि कीबोर्ड वेगळा असे. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणि कीबोर्ड कोपरांच्या उंचीला ठेवता येई. बसलेल्या माणसाचे डोळे आणि कोपरे यांत उभे अंतर सुमारे दीड फूट असते. लॅपटॉपची स्क्रीन उभी केली तरी वीतभरच उंच होते. तेव्हा हात सोयीचे ठेवावेत तर मान वाकते, आणि मान सरळ ठेवावी तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. दोन्ही एकाच वेळी साधेल अशी जागा नुसत्या लॅपटॉपला नाहीच.

आणि आपली मुले तो ठेवतात तरी कोठे? खोलीत टेबल नसते. कॉटवर मांडी घालून, भिंतीला उशी लावून, चटईवर पालथे पडून, पत्र्याच्या ट्रंकेवर किंवा थेट मांडीवर ठेवून अभ्यास चालतो. असे अर्धा तास चालले तर शरीर सोसते. परीक्षेच्या दिवसांत पाच-सहा तास चालले तर ते तक्रार करणारच.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. बसून काय दुखते? माणसाचे डोके साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते कण्यावर सरळ तोललेले असेल तर मानेच्या स्नायूंना फार ओढ पडत नाही. ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंना त्याला धरून ठेवावे लागते. भरलेली कळशी कमरेला टेकवून बाई मैलभर चालते, पण तीच हात लांब करून धरायला सांगा, मिनिटभरात हात थरथरेल. कळशी तीच असते, तिचे अंगापासूनचे अंतर वाढलेले असते. न्यूयॉर्कचे एक शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली याचे गणित मांडले. मान १५ अंश झुकली तर तिच्यावर पडणारा भार सुमारे १२ किलो, ३० अंशांना १८ किलो आणि ६० अंशांना २७ किलो, असे त्यांचे आकडे आहेत. हा संगणकावर नमुना मांडून काढलेला अंदाज आहे, जिवंत माणसाच्या मानेचे वजन कोणी काट्यावर घेतलेले नाही. म्हणून आकड्यांना घाबरण्याचे कारण नाही. पण मान जितकी खाली, तितका भार जास्त, एवढे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पोते उचलणाऱ्या माणसाचे स्नायू आवळतात आणि सैल होतात, पुन्हा आवळतात आणि सैल होतात. त्या हालचालीने रक्त खेळते. एकाच ठिकाणी मान घालून बसलेल्या मुलाचे स्नायू थोडेसेच आवळलेले असतात, पण ते तासन् तास तसेच राहतात. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, तो थकतो आणि दुखू लागतो. कण्याच्या मणक्यांमधील गाद्यांना मोठ्या माणसात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आजूबाजूच्या भागातून झिरपून जे मिळेल त्यावर त्या पोसल्या जातात, आणि हालचालीने होणारी दाब-ढील त्यांना हितकारक असते. तेव्हा न हलता बसणे ही विश्रांती आहे, असे मानण्यात आपली चूक होते. ते एक श्रमाचेच काम आहे, फक्त त्यात घाम दिसत नाही.

हाताचेही असेच आहे. लॅपटॉपच्या कडेवर मनगट टेकवून, वाकडे करून बोट फिरवीत राहिले की मनगटावर ताण येतो. मनगटाच्या अरुंद वाटेतून एक मोठी नस हाताच्या पंज्यात जाते. ती दाबली गेली तर अंगठा, त्याशेजारची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. प्रत्येक मुंगी म्हणजे नसेचा आजार नव्हे, पण मुंग्या रोज येत असतील तर शरीर काही सांगते आहे, हे ऐकले पाहिजे.

हे ज्ञान काही आजचे नाही. इटलीतील मोदेना येथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. कामगारांना कामामुळे होणाऱ्या रोगांवर त्यांनी १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला वैद्याने जे प्रश्न विचारायचे त्यांत 'तुझा धंदा काय?' हाही एक असावा, असा त्यांचा आग्रह होता. १७१३ साली त्या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती निघाली, तिच्यात त्यांनी लेखनिक आणि कारकून यांच्या दुखण्यांचाही विचार केला. त्यांची कारणे त्यांनी तीन सांगितली: सतत बसून राहणे, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांपूर्वी बोरूने लिहिणाऱ्यांविषयी लिहिलेले हे शब्द आज खोलीत लॅपटॉपपुढे बसलेल्या मुलाला जसेच्या तसे लागू पडतात. पुढे १८५७ साली पोलंडमधील शास्त्रज्ञ व्होयचेख यास्त्शेम्बोव्स्की यांनी काम माणसाच्या शक्तीला आणि शरीराला जुळेल असे करण्याच्या या विद्येला 'एर्गोनॉमिक्स' हे नाव दिले. नाव अवघड असले तरी अर्थ सोपा आहे. बैलाच्या खांद्याप्रमाणे जू तासावे.

रामाझ्झिनींनी मनाचा ताणही मोजला, हे विसरू नये. मुलाची मान दुखते याचे कारण नेहमी केवळ बसण्याची ढब असते असे नाही. झोप कमी, परीक्षेची धास्ती, खेळ बंद, दिवसभरात चालणे नाही, अशी अनेक कारणे एकत्र येतात. एकाच पद्धतीने बसले की दुखणे होणारच नाही, अशी काही जादूची बैठक नाही. चांगली बैठक ती, जी थोड्या थोड्या वेळाने बदलते.

हेच आपल्या भाताच्या शेतात पाहावे. जुलैच्या पावसात डोक्यावर इरले घेऊन बाया रोपलावणीला वाकलेल्या असतात. ते वाकणे लॅपटॉपच्या वाकण्याहून कितीतरी कठीण. तरीही नीट पाहिले तर दिसेल की ओळ संपली की बाई ताठ होते, कमरेवर हात ठेवून मागे वाकते, बांधावर जाऊन रोपांची पेंढी आणते, दोन शब्द बोलते आणि मग पुन्हा वाकते. हा विसावा कोणी तिला शिकवला नाही, कामानेच तो दिला. याचा अर्थ रोपलावणीने कंबर दुखत नाही असा मुळीच नाही. उतारवयात वाकून गेलेल्या कितीतरी आज्या आपण पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या कमरेची विचारपूसही आपण वेळेवर केली नाही, ही आपली जुनी चूक आहे. सांगायचे एवढेच की शेतातल्या ओळीला शेवट असतो, लॅपटॉपच्या स्क्रीनला शेवट नसतो. एक पान संपले की दुसरे, अभ्यास संपला की सिनेमा. तेव्हा बांध आपणच घालावा लागतो.

आता काय करावे ते क्रमाने सांगतो. यातले बहुतेक आज संध्याकाळीच करता येईल.

१) लॅपटॉप उंच करा. त्याखाली जुनी जाड पुस्तके, दोन-तीन विटांवर फळी किंवा लहान पाट ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी. डोळ्यांपासून स्क्रीन साधारण हातभर लांब असावी. लॅपटॉपच्या पोटातून आणि बाजूने गरम हवा बाहेर पडते, ती वाट बंद होऊ देऊ नका.

२) वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या. तारेचे साधे कीबोर्ड-माऊस काही शे रुपयांत मिळतात. हे दोन्ही घेतल्याशिवाय लॅपटॉप उंच करू नका, नाहीतर मान सुटेल आणि खांदे अडकतील. ज्याला फक्त वाचायचे किंवा व्याख्यान ऐकायचे आहे, त्याने नुसता उंच केला तरी चालेल.

३) खुर्चीत पाठ टेकवून बसा. कोपरे अंगाजवळ आणि साधारण काटकोनात असावीत, मनगटे सरळ असावीत, पाय जमिनीवर टेकलेले असावेत. पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवा. प्लॅस्टिकच्या खुर्चीला कमरेशी पोकळी राहते, तेथे टॉवेलची गुंडाळी ठेवा.

४) खुर्ची-टेबल नसेल तर जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसा आणि लॅपटॉप चौरंगावर ठेवा. कॉटवर पालथे पडून किंवा मांडीवर घेऊन लांब अभ्यास करू नका. मांडीवर तासन् तास ठेवलेल्या लॅपटॉपच्या उष्णतेने कातडीवर जाळीसारखे डाग पडल्याचेही डॉक्टरांनी पाहिले आहे.

५) अर्ध्या तासाला उठा. पाणी प्या, दारापर्यंत जा, खांदे मागे फिरवा, मान दोन्ही बाजूंना सावकाश वळवा, दूरच्या झाडाकडे पाहा. दोन मिनिटे पुरेत. घड्याळाचा गजर लावा किंवा पाण्याचा लहान पेलाच जवळ ठेवा, म्हणजे तो भरायला उठावेच लागेल.

६) रोज अर्धा-पाऊण तास अंग हलू द्या. चालणे, सायकल, फुटबॉल, विहिरीचे पाणी काढणे, परसातली भांगलण, काहीही. सुटीत गावी आलेल्या मुलाला "तू अभ्यास कर, शेतात येऊ नकोस" असे म्हणण्यात माया आहे, पण तासभर शेतात आला तर त्याच्या पाठीचे भलेच होईल. एकदम जड पोते मात्र त्याच्या पाठीवर देऊ नका. नव्या खोंडाचा नियम येथेही लागू आहे.

दुखणे सुरू झालेच तर काय? आपल्याकडे पहिली धाव बामाकडे आणि दुसरी पट्ट्याकडे असते. बामाने घटकाभर बरे वाटते, त्याला आमची हरकत नाही. पण दुकानातून कमरेचा पट्टा किंवा गळ्याचा पट्टा आपल्याच मनाने आणून महिनोन् महिने बांधणे बरे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात नेहमीच्या उपचारात पट्टे वापरू नयेत असे म्हटले आहे. व्यायाम आणि रोग्याला नीट समज देणे यांना त्यात मान आहे. त्याच संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांत तिचा नंबर जगात पहिला आहे. तेव्हा हे 'पोरांचे लाड' म्हणून उडवून लावण्याजोगे प्रकरण नाही. बहुतेकांचे दुखणे हालचाल, बैठकीत बदल आणि थोडा धीर यांनी बरे होते. परंतु हाताची किंवा पायाची ताकद कमी झाली, वस्तू हातून पडू लागल्या, बधिरपणा राहू लागला, रात्री दुखण्याने झोपमोड होऊ लागली, सोबत ताप आला किंवा वजन घटले, पडल्या-आपटल्यानंतर दुखू लागले, तर घरी वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्या मातेच्या मुलाचा हात जड पडतो, म्हणून त्याला डॉक्टरांकडे न्यावे असे आम्ही तिला सांगितले.

येथवर आरोग्याचे बोलणे झाले. आता आमचे मत स्पष्ट सांगतो, ते कोणाला कडू लागले तरी चालेल.

हा सारा भार आपण एकट्या मुलावर टाकतो. "नीट बस" एवढे सांगून आपण मोकळे होतो. नीट बसायला जागा कोठे आहे, ते पाहत नाही. लॅपटॉप घेताना तीस-चाळीस हजारांचे कर्ज काढणारे घर टेबलासाठी हजार-दोन हजार काढीत नाही, कारण टेबल दाखवायला नेता येत नाही. आमचे पालकांना सांगणे असे की लॅपटॉप थोडा कमी किमतीचा घ्या आणि उरलेल्या पैशांत गावातल्या सुताराकडून साधे टेबल करून घ्या. मुलाच्या नाही तर मुलीच्या मापाने ते करा. बैलाचे जू करताना सुतार बैल पाहतो, मग टेबल करताना मुलांना समोर का उभे करू नये?

मुलींविषयी दोन शब्द वेगळे लिहिले पाहिजेत. घरात एखादे टेबल असलेच तर ते मुलाला मिळते. मुलगी भाकऱ्या थापून, भांडी घासून रात्री नऊनंतर चुलीपाशी किंवा कॉटच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडते. वाकून कामे केलेली पाठ घेऊनच ती पुन्हा वाकते. तिची पाठ काही वेगळ्या हाडामांसाची नाही. टेबल घरात एकच असेल तर त्याचे तास वाटून द्यावेत, आणि भांड्यांचेही तास वाटून द्यावेत.

खोली भाड्याने देणाऱ्या मालकांत आणि वसतिगृह चालवणाऱ्यांत आपले लोकही आहेत. कॉट, पंखा आणि पाणी एवढे दिले की खोली झाली, असे आपण समजतो. बेळगावात १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आणि २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले, आणि खेड्यापाड्यांतील मुलांची शहराकडे रीघ लागली. शिकणाऱ्याला खोली द्यायची तर तिच्यात टेबल आणि खुर्ची असलीच पाहिजे. कोणी याला चैन म्हणेल, पण शेतमजुराला खुरपे दिल्याशिवाय आपण भांगलणीला पाठवत नाही.

आणि शेवटी आपल्या धर्मग्रामाकडे येतो. आपल्या चर्चच्या शेजारी सभागृह आहे. त्यात टेबले आहेत, खुर्च्या आहेत, ट्यूबलाइट आणि पंखे आहेत. लग्नाचे जेवण, रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग आणि वार्षिक सभा सोडल्या तर ते कुलुपात असते. त्याच वेळी पन्नास पावलांवरच्या घरात मूल ट्रंकेवर लॅपटॉप ठेवून मान मोडीत बसलेले असते. आमची मागणी अशी की सोमवार ते शनिवार संध्याकाळी पाच ते आठ हे सभागृह अभ्यासासाठी उघडावे.

यावर आक्षेप काय येतील ते आम्हाला ठाऊक आहे. पहिला, विजेचे बिल. हिशेब करून पाहा. दहा लॅपटॉप तीन तास चालले तरी दोन युनिटांच्या आत वीज लागते, चार पंखे आणि चार ट्यूब धरल्या तरी रोज तीन युनिटांच्या आसपास खर्च होईल. एका लग्नाच्या रोषणाईत याहून कितीतरी जास्त वीज जाते. दुसरा, किल्ली कोणाकडे? आपल्या महिला मंडळात आणि निवृत्त शिक्षकांत अशी माणसे आहेत की जी आठवड्यातून एक संध्याकाळ बसतील. सहाजण मिळाले की आठवडा झाला. तिसरा, मुले अभ्यास सोडून गप्पा मारतील. मारू द्यात थोड्या. अर्ध्या तासाने उठून दोन शब्द बोलावेत हेच तर आम्ही वर लिहिले. चौथा, सभागृह देवाच्या कामासाठी आहे. याला मात्र थोडे सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर एक परिपत्र काढले. माणूस कामासाठी नसून काम माणसासाठी आहे, आणि कामाची थोरवी ते करणाऱ्या माणसात आहे, असा त्याचा गाभा आहे. त्याआधी १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कष्टकरी संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. दरवर्षी त्या दिवशी आपण अवजारांवर आशीर्वाद मागतो. कुदळ, कोयता, शिलाई यंत्र आणि आता लॅपटॉपही वेदीपुढे येतात. अवजारावर आशीर्वाद मागायचा आणि ते वापरणाऱ्याच्या मानेकडे पाहायचे नाही, हे त्या सणाला शोभत नाही.

संत योसेफांच्या कामाच्या जागेविषयी शुभवर्तमानात फारसे लिहिलेले नाही. पण दुसऱ्या शतकातील हुतात्मा संत जस्तीन यांनी लिहून ठेवले आहे की प्रभू येशू सुताराचे काम करीत असताना नांगर आणि जू बनवीत असे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात थकल्याभागलेल्यांना प्रभू जेव्हा आपल्या जुवाविषयी सांगतो, तेव्हा ते ज्याने आपल्या हातांनी तासले आहे अशाचे बोलणे आहे, असे आम्हाला वाटते. जू असावे, पण ते मानेला काचू नये. त्या हातांनी कोणा नाझरेथकराच्या बैलाचा खांदा चाचपून पाहिला असेल. आपणही आज घरी गेल्यावर आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा आणि त्याला एवढेच विचारावे, "कुठं दुखतंय? आणि बसतोस कुठं?"

सभागृहाच्या किल्लीचा विषय पुढच्या धर्मग्राम परिषदेच्या सभेत आम्ही मांडणार आहोत. ज्या पालकांना आणि विद्यार्थ्यांना हे पटते, त्यांनी त्या सभेला यावे. आजोबांनीही यावे. बैलाचे जू कसे तासतात हे मुलांना सांगायला आम्हाला त्यांचीच गरज आहे.